शितावरून भाताची परीक्षा : रक्तातील विकरे आणि मुलांमधील सर्वांगीण दाह

आपल्या संस्थेच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे आणि ते डॉक्टर सभासदांप्रमाणेच त्यांच्या कुटुंबीयांना व समाजातील इतर वाचकांनाही समजेल असे असावे, अशी सूचना संपादक मंडळाकडून आली, तेव्हा विषय शोधत बसावे लागले नाही. गेली पंचवीसएक वर्षे इंदुरात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना एक दृश्य मी जवळजवळ रोज पाहत आलो आहे. आई-वडील मुलाला घेऊन येतात, त्याला खुर्चीवर बसवतात आणि मुलाच्या आधी हातातला कागद पुढे करतात. त्या कागदावर एखाद्या आकड्यापुढे चांदणी छापलेली असते. ‘‘डॉक्टरसाहेब, हे एस.जी.ओ.टी. वाढलंय. लिव्हर खराब नाही ना झालं?’’

त्या चांदणीचा अर्थ काय, तिच्याकडे केव्हा काणाडोळा करावा आणि केव्हा तिच्यासाठी रात्र जागवावी, एवढेच या लेखात सांगायचे आहे. ‘शितावरून भाताची परीक्षा’ ही आपली म्हण रक्ततपासणीला तंतोतंत लागू पडते. मात्र परीक्षा करणाऱ्याला भात कसा शिजतो हेही ठाऊक असावे लागते.

दाह : घरातला आणि गावातला

बोटात काटा रुतला की बोट लाल होते, गरम लागते, सुजते आणि ठणकते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस या रोमन लेखकाने दाहाची हीच चार लक्षणे नोंदवून ठेवली आहेत. हा दाह शरीराच्या संरक्षणासाठीच असतो. पांढऱ्या पेशी त्या जागी धाव घेतात, शत्रूचा नाश करतात, मोडतोड आवरतात आणि काम संपले की परततात.

परंतु काही वेळा ही लढाई बोटापुरती राहत नाही. रक्तात जंतूंचा प्रादुर्भाव झाला, एखाद्या विषाणूने सर्व शरीर व्यापले किंवा शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटली, तर पेशींनी एकमेकींना धाडलेले रासायनिक निरोप, म्हणजेच सायटोकाइन, रक्तावाटे सर्वत्र पोहोचतात. ताप चढतो, नाडी धावू लागते, यकृत आपली नेहमीची कामे बाजूला सारून वेगळी प्रथिने बनवू लागते. हाच सर्वांगीण दाह. घरातली चूल आणि गावाला लागलेली आग यांत जो फरक, तोच या दोन दाहांत आहे.

लहान मुलांच्या बाबतीत अडचण अशी की आग लागल्याचे मूल सांगू शकत नाही. ते फक्त किरकिरते, दूध सोडते, निपचित पडते. म्हणून रक्तातल्या खुणांचा शोध घ्यावा लागतो, आणि त्या जितक्या लवकर सापडतील तितके बरे.

विकर म्हणजे काय, आणि ते मोजतात कसे?

विकर म्हणजे ज्याला आपण दवाखान्यात सर्रास एन्झाइम म्हणतो ते. पेशीतील रासायनिक क्रिया वेगाने घडवून आणणारी ही प्रथिने होत. प्रत्येक विकराचे काम ठरलेले असते. एस.जी.ओ.टी., ज्याला आता ए.एस.टी. म्हणतात, ते अमिनो गट एका रेणूवरून दुसऱ्यावर नेऊन ठेवते. लॅक्टेट डीहायड्रोजिनेज, म्हणजे एल.डी.एच., लॅक्टेट आणि पायरुवेट यांची अदलाबदल करते. ही कामे पेशीच्या आत चालतात. रक्तद्रवात या विकरांचे काही काम नसते. तेथे ती सापडतात ती पेशींच्या नित्याच्या झिजेमुळे, आणि तीही अल्प प्रमाणात.

रक्तातील विकराचे वजन करणे अवघड, म्हणून आपण त्याचे काम मोजतो. पिठाच्या गिरणीत आत किती जाती आहेत हे न पाहता मिनिटाला किती पीठ पडते ते पाहावे, तसाच हा प्रकार आहे. एका मिनिटात एक मायक्रोमोल पदार्थाचे रूपांतर करणारी क्रियाशीलता म्हणजे एक एकक. अहवालात ‘युनिट प्रति लिटर’ असे जे छापलेले असते, त्याचा अर्थ हा. १९५४ साली न्यूयॉर्कमध्ये लाड्यू, व्रोब्लेव्स्की आणि कार्मेन यांनी हृदयविकाराच्या झटक्यानंतर रक्तातील एस.जी.ओ.टी. वाढते, हे दाखवून दिले. पुढच्याच वर्षी कार्मेन यांनी ते मोजण्याची सोपी प्रकाशमापन पद्धत प्रसिद्ध केली. ३४० नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरीचे शोषण किती वेगाने घटते, हे तीत पाहिले जाते. आज आपल्या गल्लीतील प्रयोगशाळेतले यंत्रही मूलतः हेच करते.

रक्तात येण्याच्या तीन वाटा

सर्वांगीण दाहात विकरे रक्तात तीन वाटांनी येतात.

पहिली वाट गळतीची. दाहामुळे, प्राणवायूच्या तुटवड्यामुळे किंवा विषाणूच्या हल्ल्यामुळे पेशीचे आवरण दुबळे होते आणि आतली विकरे बाहेर झिरपू लागतात. त्यासाठी पेशी मरावीच लागते असे नाही. ए.एस.टी., ए.एल.टी. आणि एल.डी.एच. ही या वाटेने येणारी प्रमुख मंडळी.

दुसरी वाट सैनिकांची. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या आत मायलोपेरॉक्सिडेज, इलास्टेज अशी विकरे शस्त्रांसारखी भरून ठेवलेली असतात. लढाई जुंपली की ती बाहेर टाकली जातात. पुवाला हिरवट झाक असते ती मायलोपेरॉक्सिडेजमुळेच. १९४१ साली आग्नेर या स्वीडिश संशोधकाने ते वेगळे केले, तेव्हा या रंगावरूनच त्याला ‘व्हर्डोपेरॉक्सिडेज’ असे नाव दिले होते. या विकरांवर बरेच संशोधन झाले आहे. तथापि आपल्या रोजच्या अहवालात ती दिसत नाहीत.

तिसरी वाट कारखान्याची. सायटोकाइनचा निरोप पोहोचताच यकृत व इतर पेशी काही विकरे मुद्दाम अधिक बनवू लागतात. फॉस्फोलायपेज ए-२ या विकराचा एक प्रकार असाच वाढतो.

रोजच्या व्यवहारात आपल्याला पहिल्या वाटेचाच आधार असतो. ती विकरे स्वस्त आहेत, तालुक्याच्या गावीही तपासून मिळतात आणि काही तासांत उत्तर देतात. त्यांचा दोषही याच वाटेत दडलेला आहे. गळती कोठे होते आहे, हे त्यांना सांगता येत नाही. एल.डी.एच. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत असते. ए.एस.टी. यकृतात असते, तसेच हृदयात, स्नायूंत आणि तांबड्या पेशींतही असते.

घड्याळे निरनिराळी

दाहाच्या ज्या खुणा आपण नेहमी वापरतो, त्या विकरे नव्हेत. ई.एस.आर. ही त्यांतली सर्वांत जुनी. १८९७ साली बिएर्नाट्स्की यांनी आणि १९१८ साली फोरेउस यांनी तिचा अभ्यास मांडला. उभ्या नळीत तांबड्या पेशी तासाभरात किती मिलिमीटर खाली बसतात, एवढेच ही चाचणी पाहते. दाहात रक्तातील फायब्रिनोजेन वाढते, त्यामुळे तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि लवकर खाली बसतात. सी.आर.पी. हे प्रथिन १९३० साली टिलेट आणि फ्रान्सिस यांना सापडले. ते यकृतात तयार होते, सहा ते आठ तासांत वाढू लागते, दीड-दोन दिवसांत शिखर गाठते आणि सुमारे १९ तासांत निम्मे होते. ई.एस.आर. मात्र चढायला आणि उतरायला दिवस, प्रसंगी आठवडे घेते.

विकरांचे घड्याळ आणखी वेगळे. ए.एस.टी. रक्तातून साधारण १७ तासांत निम्मे होते, तर ए.एल.टी. निम्मे व्हायला ४७ तास लागतात. म्हणजे गळती थांबली तर ए.एस.टी. दुसऱ्याच दिवशी उतरू लागायला हवे. ते उतरत नसेल किंवा चढत असेल, तर कोठेतरी गळती चालूच आहे. एकट्या आकड्यापेक्षा दोन आकड्यांमधील अंतर अधिक बोलके असते ते यामुळे.

हे सर्व पुस्तकातले झाले. ते मला खऱ्या अर्थाने कोणी शिकवले, ते आता सांगतो.

एक सात वर्षांची मुलगी

२००९ सालचा श्रावण असावा. देवासहून एक सात वर्षांची मुलगी माझ्याकडे दाखल झाली. दोन महिने रोज संध्याकाळी ताप, तापाबरोबर उमटणारी आणि तापाबरोबर विरणारी गुलाबी पुरळ, सुजलेले गुडघे. मुलांच्या संधिवाताचा जो सर्वांगीण प्रकार, ज्याला आपण सिस्टेमिक जे.आय.ए. म्हणतो, तो हा आजार होता. दाखल केले त्या दिवशी ई.एस.आर. ११२ होता, प्लेटलेट ६ लाख ४० हजार आणि एस.जी.ओ.टी. ३६. उपचार सुरू केले.

पाचव्या दिवशी अहवाल आला. ई.एस.आर. ४८. प्लेटलेट २ लाख ४० हजार, म्हणजे अगदी ‘नॉर्मल’. एस.जी.ओ.टी. तेवढे ११८ होते. त्याला मी औषधाचा परिणाम ठरवले. वेदनाशामक औषधांनी ते वाढते, हे खरेच आहे. मी मुलीच्या वडिलांना सांगितले, ‘‘चांगली बातमी आहे. दाह निम्म्याहून कमी झालाय.’’ त्यांनी हात जोडले.

आजी मात्र पलंगाशी बसून होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, कागद बरा झालाय. पोर नाही झाली बरी. पूर्वी ताप उतरला की उठून खेळायची. काल सकाळपासून ताप उतरलाच नाही.’’

मी हसून त्यांना धीर दिला आणि पुढच्या रुग्णाकडे गेलो. ही गोष्ट सांगताना आजही संकोच वाटतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे मुलीच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले. ती गुंगीत होती. यकृत हाताला दोन बोटे अधिक लागत होते. रक्त पुन्हा पाठवले. ई.एस.आर. २२, प्लेटलेट १ लाख ३० हजार, एस.जी.ओ.टी. ४१०. माझ्या ज्येष्ठ पॅथॉलॉजिस्ट मित्राला दूरध्वनी केला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘फायब्रिनोजेन केलंस का?’’ ते केले, ते फार कमी निघाले. फेरिटिन दहा हजारांच्या वर गेले होते.

तो ‘मॅक्रोफेज ॲक्टिव्हेशन सिंड्रोम’ होता. स्टेरॉइडचे मोठे डोस शिरेतून दिले, सायक्लोस्पोरिन सुरू केले. चार रात्री अतिदक्षता विभागात गेल्या. मुलगी वाचली. आज ती नोकरी करते. पण एक दिवस मी वाया घालवला होता, ही नोंद माझ्या मनातून पुसली गेलेली नाही.

ई.एस.आर. का उतरला?

या विकारात प्रतिकारशक्तीतील टी-पेशी आणि मॅक्रोफेज यांना आवरच उरत नाही. सायटोकाइनचा पूर येतो. यकृताच्या पेशी आणि रक्त तयार करणारी मज्जा दोन्ही होरपळतात. १९८५ साली फ्रान्समधील हाडशूएल आणि सहकाऱ्यांनी संधिवाताच्या मुलांमध्ये अचानक उद्भवणारा रक्तस्राव, यकृताचा विकार आणि मेंदूची लक्षणे यांचे वर्णन केले, ते याच अवस्थेचे. सिस्टेमिक जे.आय.ए. असलेल्या सुमारे दहांपैकी एका मुलात ती उघडपणे दिसते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ३६२ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय पाहणीत त्यांपैकी ८ टक्के रुग्ण दगावले होते.

आता ई.एस.आर.चे कोडे पाहू. या पुरात गोठण्याची क्रिया जागोजागी पेटते आणि फायब्रिनोजेन खर्ची पडते. फायब्रिनोजेन संपले की तांबड्या पेशींची चळत जमत नाही, म्हणून त्या सावकाश बसतात. ई.एस.आर. उतरतो. दाह वाढल्यामुळेच दाहाची खूण नाहीशी होते. प्लेटलेटचेही तसेच. सहा लाखांवरून अडीच लाखांवर आलेला आकडा छापील मर्यादेत बसतो, म्हणून त्यापुढे चांदणी नसते. परंतु ज्या मुलात दाहामुळे त्या सहा लाख असायला हव्यात, त्या मुलात अडीच लाख ही घसरण आहे. त्या पाचव्या दिवशी खरे बोलणारी खूण कागदावर एकच होती, आणि ती होती एस.जी.ओ.टी.

२००५ साली प्रसिद्ध झालेल्या प्राथमिक निकषांत प्लेटलेट २ लाख ६२ हजार किंवा त्याहून कमी आणि ए.एस.टी. ५९ हून अधिक, हे दोन्ही मुद्दे होते. माझ्या रुग्णाने पाचव्याच दिवशी ते दोन्ही पूर्ण केले होते. मी ते निकष वाचलेले होते. फक्त कागदावरच्या चांगल्या आकड्यांनी माझी नजर बांधली गेली.

२०१६ साली युरोप आणि अमेरिकेतील तज्ज्ञसंस्थांनी मिळून नवे निकष ठरवले. सिस्टेमिक जे.आय.ए. असलेल्या, किंवा त्याची शंका असलेल्या, तापाच्या मुलात फेरिटिन ६८४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरहून अधिक असेल आणि पुढील चारांपैकी कोणतेही दोन मुद्दे असतील, तर निदान मांडता येते : प्लेटलेट १ लाख ८१ हजार किंवा कमी, ए.एस.टी. ४८ युनिटहून अधिक, ट्रायग्लिसराइड १५६ मिलिग्रॅमहून अधिक, फायब्रिनोजेन ३६० मिलिग्रॅम किंवा कमी. हे शेवटचे दोन आकडे प्रति डेसिलिटर आहेत. आपल्या डॉक्टर वाचकांनी ए.एस.टी.च्या आकड्याकडे पुन्हा पाहावे. अठ्ठेचाळीस! एरवी या आकड्याकडे आपण ढुंकूनही पाहत नाही. आकडा लहान आहे, पण ज्या मुलात आणि ज्या दिवशी तो येतो त्यावरून त्याचे वजन ठरते.

चांदणी फसवते तेव्हा

नाण्याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. प्रत्येक वाढलेले विकर म्हणजे दाह नव्हे.

तान्ह्या बाळाची टाच दाबून दाबून रक्त काढले, तर तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांच्यातले एल.डी.एच., ए.एस.टी. व पोटॅशियम नमुन्यात मिसळते. अशा वेळी आजार बाळात नसतो, नळीत असतो. नमुना लालसर दिसत असेल, तर आकड्यावर विसंबण्याऐवजी रक्त पुन्हा घ्यावे.

वाढत्या मुलांची हाडे अल्कलाइन फॉस्फटेज भरपूर बनवतात. प्रौढांची मर्यादा छापलेल्या कागदावर प्रत्येक निरोगी मुलापुढे चांदणी उमटते. पाच वर्षांखालील काही मुलांत तर हा आकडा एखाद्या किरकोळ आजारानंतर हजारोंवर जातो आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप पूर्ववत होतो. मूल हसते-खेळते असेल, हाडांचा व यकृताचा विकार नसेल, तर वाट पाहणे हाच उपचार.

दोन-तीन वर्षे ‘लिव्हर’ची औषधे घेत असलेला एखादा मुलगा जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकवून उठतो. त्याचे ए.एस.टी. आणि ए.एल.टी. यकृतातून नव्हे, स्नायूंतून येत असते. सी.पी.के. ही एक तपासणी केली की ड्युशेन या स्नायुविकाराची दिशा कळते. येथे गळतीचे ठिकाण ओळखण्यातच सारे आले.

डेंग्यूमध्ये ए.एस.टी. बहुधा ए.एल.टी.पेक्षा अधिक वाढते, आणि १००० वा त्याहून अधिक झाले तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ सालच्या वर्गीकरणानुसार तो गंभीर डेंग्यू ठरतो. तरीही धोका ओळखण्यासाठी मुलाची नाडी, लघवी, पोटदुखी, उलट्या आणि चढता हिमॅटोक्रिट हेच अधिक उपयोगी पडतात.

कोविडच्या साथीतील अनुभवही असाच बोलका आहे. २०२० साली मुलांमध्ये दिसलेल्या एम.आय.एस.-सी. या सर्वांगीण दाहाच्या अमेरिकन व्याख्येत दाहाच्या खुणांच्या यादीत एल.डी.एच.ला स्थान मिळाले होते. २०२३ च्या सुधारित व्याख्येत दाहाचा पुरावा म्हणून एकटे सी.आर.पी. ठेवले गेले. एल.डी.एच. खोटे बोलत नव्हते. ते सर्वांच्याच वतीने बोलत होते, एवढेच.

कागद आणि मूल

तर मग या सर्वातून घ्यावे काय?

डॉक्टर बंधू-भगिनींनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. विकराचा एक आकडा म्हणजे अर्धे वाक्य, दुसऱ्या दिवशीचा आकडा आल्यावर ते पूर्ण होते. ई.एस.आर. उतरत असताना ए.एस.टी. चढत असेल आणि मूल सुधारत नसेल, तर त्याच दिवशी प्लेटलेट, फेरिटिन आणि फायब्रिनोजेन तपासावे, औषधाला दोष देऊन थांबू नये. आणि छापील मर्यादेत बसणारा आकडा त्या मुलासाठी योग्य आहे का, हा प्रश्न स्वतःला विचारावा.

पालकांनीही तीन गोष्टी कराव्यात. जुने अहवाल फेकू नयेत, तारखेनुसार लावून ठेवावेत. चालू असलेल्या सर्व औषधांची नावे, काढे व चूर्णे धरून, डॉक्टरांना सांगावीत. आणि ‘कागद बरा आहे, पण मूल बरे वाटत नाही’ असे मनात आले, तर ते संकोच न करता बोलून दाखवावे. डॉक्टर घाईत असला, तरी पुन्हा बोलावे.

भाताची परीक्षा शितावरून होते, हे खरे. पण ती म्हण ज्या स्वयंपाकघरातून आली, तेथली बाई शीत दाबून पाहते, वाफेचा वास घेते आणि मग झाकण ठेवायचे की नाही ते ठरवते. देवासच्या त्या आजींनी नातीच्या बाबतीत तेच केले होते. माझ्या हातात अहवाल होता. त्यांचा हात नातीच्या कपाळावर होता.